शुद्धलेखन आणि शेजारधर्म

"अर्थ कळला म्हणजे झाले; काना-मात्रेचा इतका बाऊ कशाला?" हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि कित्येकदा सुशिक्षित म्हणवणारी माणसेही विचारतात. भाषा विचार पोचवण्यासाठी आहे. विचार पोचला, तर मग ऱ्हस्व-दीर्घाचा व स्वल्पविरामाचा हिशेब ठेवण्यात शहाणपण ते कोणते? ह्यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, शुद्ध लिहिणे हे विद्वत्तेचे लक्षण आहे. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर काही अंशी घातकही आहे. शुद्ध लिहावयाचे ते लिहिणाऱ्याच्या शोभेसाठी नव्हे, तर वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. तो एक साधा शेजारधर्म आहे. आपल्या दारापुढचा दगड आपण उचलतो, तो आपण ठेच खाऊ म्हणून नव्हे. रात्री-अपरात्री येणाऱ्यास ठेच लागू नये म्हणून. शुद्धलेखनाचे मर्म एवढेच आहे, आणि ह्या लेखात आम्हांस तेच सांगावयाचे आहे.

हा विषय आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. एके काळी गावात लिहिणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असत. कुलकर्णी दप्तर लिहीत, पंतोजी दुसऱ्यांची पत्रे लिहून देत, आणि उरलेला गाव कागदावर अंगठा उमटवी. आज तसे राहिलेले नाही. शेताला पाणी देणारा तरुण, बाजारास निघालेली माउली, शिकण्यासाठी लातुरास राहिलेली मुलगी, हे सर्वजण मोबाईलवर दिवसातून दहा वेळा लिहितात. सोयाबीनला भाव काय लागला, एस. टी. किती वाजता सुटते, आजीला औषध कोणते आणि किती वेळा द्यावयाचे, हे सर्व आता लिहूनच कळवले जाते. लिहिणाऱ्यांची संख्या इतकी वाढली असता लिहिण्याची काळजी मात्र कमी व्हावी, हे विचित्र नव्हे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. "अर्थ कळला म्हणजे झाले" हे बोलण्याच्या बाबतीत पुष्कळसे खरे आहे. बोलणाऱ्याजवळ नुसते शब्द नसतात. त्याच्याजवळ आवाज असतो, चेहरा असतो, हात असतात. तो कोठे थांबला हे ऐकू येते, त्याने प्रश्न केला की आज्ञा दिली हे स्वरावरून समजते, आणि एवढ्यानेही न उमगल्यास "काय म्हणालात?" असे विचारता येते. लिहिणाऱ्याचा आवाज कागदावर उमटत नाही. पत्र वाचणारा एकटा असतो, आणि पुष्कळदा लिहिणारा इतका दूर असतो की त्याला पुन्हा विचारण्याची सोय नसते. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही सर्व त्या हरवलेल्या आवाजाची जागा भरून काढण्यासाठी निघालेली साधने आहेत. ती गाळून लिहिणे म्हणजे तोंडावर फडके धरून बोलण्यासारखे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, येडशीचा एक शेतकरी पुण्यास नोकरीवर असलेल्या आपल्या धाकट्या भावास कळवतो की, चारा संपत आला आहे, बैलांचे काय करावे? भावाचा निरोप येतो: "बैल विकू नका थांबू". आता थोरल्याने काय करावे? "बैल विकू नका, थांबू" असे वाचले तर दावणीला बैल राहतात. "बैल विकू, नका थांबू" असे वाचले तर येत्या बाजारी ते दुसऱ्याच्या दावणीला जातात. शब्द तेच चार, क्रम तोच, फरक एका स्वल्पविरामाच्या जागेचा. धाकट्याच्या मनात अर्थ स्वच्छ होता ह्यात शंका नाही. परंतु मनातील अर्थ मनातच राहिला, आणि निर्णय घेण्याचे ओझे थोरल्यावर पडले. "अर्थ कळला म्हणजे झाले" असे म्हणणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, अर्थ कोणाला कळला आहे: लिहिणाऱ्याला की वाचणाऱ्याला?

जी गोष्ट स्वल्पविरामाची, तीच अनुस्वाराची. एखाद्या वृद्धाने लिहून ठेवले की, माझ्या पश्चात शेत "मुलास" मिळावे; तर तो एक वारस झाला. तेच "मुलांस" असे लिहिले, तर जितके मुलगे तितके हिस्सेदार झाले. एक टिंब इकडचे तिकडे झाले तर भावाभावांत वैर पडण्यास वेळ लागणार नाही. आपल्या नावांची रीत पाहा. "नामदेव तुकाराम" असे लिहिले, तर तुकारामाचा मुलगा नामदेव असा एक मनुष्य होतो. मध्ये स्वल्पविराम पडला की दोन निराळी माणसे उभी राहतात. आणि आदर तर मराठीत एका टिंबावर तोललेला असतो. "गुरुजीचे" आणि "गुरुजींचे", "त्याने" आणि "त्यांनी" ह्यांतील अंतर मराठी माणसास शिकवावे लागत नाही. बोलताना ज्या वडीलधाऱ्यांना आपण कधी एकेरी संबोधणार नाही, त्यांचा उल्लेख लिहिताना मात्र निष्काळजीपणाने एकेरी करतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

ही उदाहरणे कल्पित आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु कायद्यानेही ह्या गोष्टीची दखल घेतलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्यातील कलम १५५ हे अधिकार-अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठीच घातलेले आहे. लेखणीच्या चुका होतात, आणि त्या चुकांनी माणसाच्या जमिनीवर परिणाम होतो, हे मान्य झाल्यावाचून असे कलम निर्माण होत नाही. सातबाऱ्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, अशी अवस्था झाली म्हणजे त्या गरिबास तहसिलाच्या किती खेपा घालाव्या लागतात, हे आपल्या पंचक्रोशीत कोणासही सांगावयास नको. एका वेलांटीपायी बुडालेल्या दिवसाच्या मजुरीचा हिशेब व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेला नसतो.

आपल्या भागास ह्या गोष्टीचे महत्त्व विशेष कळावयास पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत येडशी निजामाच्या राज्यात होती, आणि पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेली बार्शी इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होती. इकडे सरकारी कारभार उर्दूत चाले. गावपातळीवरील लिखाण पुष्कळदा मोडीत होई. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवण्याची रीत नाही, शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत आणि विरामचिन्हेही नाहीत. अशा दोन लिप्यांतून प्रवास करीत एखादे नाव आजच्या देवनागरीत येते, तेव्हा ते मूळ रूपात आले तर आश्चर्य मानावे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी असा उल्लेख असलेल्या नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. त्या वादाची बाजू मांडण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस दाखवावयाचे ते इतकेच की, जुन्या काळी कोणा कारकुनाने घाईघाईने लिहिलेल्या एका शब्दाकडे आज हजारो कुटुंबे डोळे लावून बसतात, आणि तो शब्द लावण्यासाठी मोडी व उर्दू जाणणारे शोधावे लागतात. लिहिणाऱ्यास ठाऊक नसते की आपले अक्षर कोण, केव्हा आणि किती गरजेने वाचणार आहे. आपल्याच गावाचे नाव कोठे "येडशी" तर कोठे "येडेशी" असे लिहिलेले आढळते. मग माणसांच्या नावांची काय कथा!

लेखनाची ही काळजी आपल्या पूर्वजांस नव्हती असे मात्र कोणी समजू नये. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक संपूर्ण समास खर्ची घातला आहे. त्यापूर्वी, शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरांनंतर सुमारे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून जे पाठभेद शिरले होते, ते दूर करून मूळ वाणी वाचकांच्या हाती द्यावी, हा त्यांचा हेतू होता. एकनाथ स्वतः थोर कवी होते. त्यांस स्वतःचा ग्रंथ लिहिता आला असता, आणि त्यांनी तसे ग्रंथ लिहिलेही. तरीही दुसऱ्याच्या ग्रंथातील अक्षर न् अक्षर तपासण्याचे काम त्यांस हलके वाटले नाही. शुद्धलेखन हा परोपकार कसा असू शकतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

छपाई आल्यावर ह्या कामास वेग आला. १८०५ साली श्रीरामपूर येथे मिशनरी विल्यम केरी ह्यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत छापले. १८३१ साली मोल्सवर्थ ह्यांचा कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनी मराठीत मराठीचे व्याकरण लिहिले. मोल्सवर्थांना कोशकार्यात साह्य करणारे मेजर टॉमस कँडी ह्यांनी १८५० साली "विरामचिन्हांची परिभाषा" हे पुस्तक लिहिले; आज आपण वापरतो ती चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय बहुतांशी त्यांस देतात. पुढे १९११ साली मोरो केशव दामले ह्यांचे "शास्त्रीय मराठी व्याकरण" प्रसिद्ध झाले. कोणी म्हणेल, ही चिन्हे तर परक्यांची. ती नसतानाही आमचे संत लिहीत होतेच की! ते खरे आहे. परंतु संतांची रचना ओवी-अभंगाची होती. तेथे चरण संपला की थांबावयाचे हे कानालाच कळे. गद्यास तो आधार नाही. शिवाय मिरचीही पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आली. म्हणून ठेचा आमचा नव्हे असे कोणी म्हणत नाही. जे उपयोगी पडते आणि अंगवळणी पडते, ते आपलेच होय.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास तर हा विषय नवा नाही. नव्या कराराची अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखिते सलग अक्षरांत लिहिलेली असत. त्यांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. वधस्तंभावरील पश्चात्तापी चोरास प्रभूने सुखलोकाचे जे वचन दिले, त्यातील "आज" हा शब्द सांगण्याकडे जोडावा की सुखलोकात असण्याकडे, ह्यावर वाद घालणारे आजही आहेत. बहुतेक भाषांतरकार दुसरा अर्थ घेतात. तथापि एका स्वल्पविरामाने मरणाऱ्या माणसाची आशा आजची की पुढची, हे ठरते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या, आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याच्या छपाईस हात लावला. ज्यांना समाजाने टाकून दिले होते, त्याच स्त्रिया खिळ्यास खिळा जोडून देववचनाची पाने सिद्ध करीत होत्या. रमाबाई संस्कृताच्या पंडिता होत्या. त्यांस जड मराठी लिहिणे काय अवघड होते? परंतु अल्पशिक्षित बाईलाही कळावे म्हणून त्यांनी सोपेपणाची वाट धरली.

येथे एक धोक्याची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, आणि ती विशेषतः आम्हां शिक्षकांसाठी आहे. शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक भयंकर कथा आहे. गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार रोखून धरले, आणि पळून येणाऱ्या प्रत्येकास "शिब्बोलेथ" हा शब्द उच्चारण्यास सांगितले. एफ्राईमी माणसास "श" म्हणता येत नसे; तो "सिब्बोलेथ" म्हणे, आणि तेथेच त्याचा वध होई. अशी ४२,००० माणसे पडली. आमच्या वर्गात "शाळा" न म्हणता "साळा" म्हणणारे मूल येते, तेव्हा ही कथा आम्हांस आठवावी. तोच "श" आणि तोच "स"! आपण त्या मुलाचा वध करीत नाही हे खरे. परंतु सर्व वर्गास हसवून त्याला खाली बसवले, तर त्याच्यातील बोलणारा माणूस आपण मारलाच. "व्हय", "न्हाय", "मपलं", "तुपलं" ही आपल्या मराठवाड्याची घरची बोली आहे. तिच्यात आईने अंगाई म्हटली, तिच्यात आजोबांनी शेतीचे ज्ञान दिले. ती अशुद्ध नाही. ती घरची आहे. प्रमाण लेखन हा गावोगावच्या लोकांनी मिळून वापरण्याचा हमरस्ता आहे. हमरस्ता बांधला म्हणून आपल्या वस्तीची पाऊलवाट कोणी नांगरून टाकीत नाही. रीतसर शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे "स्मृतिचित्रे" हे पुस्तक मराठीच्या उत्तम गद्यांत गणले जाते, ते त्यातील घरगुती, बोलत्या भाषेमुळेच. शुद्धलेखन म्हणजे संस्कृत शब्दांची गर्दी नव्हे, आणि पुण्याची नक्कलही नव्हे.

शिवाय नियम हे माणसांनी ठरवलेले असतात, हेही विसरू नये. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वी "घरांत", "असें", "केलें" अशा रूपांवर अनुस्वार देणे शुद्ध समजले जाई; आज ते तसे समजत नाहीत. जुन्या वार्षिकांकांची पाने उलटून पाहिली तर आमच्या गुरूंच्या गुरूंनी लिहिलेला प्रत्येक परिच्छेद आजच्या परीक्षेत लाल शाईने रंगेल. म्हणून काय ते अडाणी होते? जो नियम बदलू शकतो, त्याच्या आधारे दुसऱ्याची किंमत करणे शहाणपणाचे नाही. परंतु बदलणारा नियमही जोवर चालू आहे, तोवर पाळावयाचा असतो. रस्त्याने डावीकडून चालावे हा नियम आकाशातून उतरलेला नाही. तरी तो सर्वांनी पाळला म्हणजेच कोणी कोणावर आदळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सर्व विवेचनातून तुम्ही काय घ्यावे? आम्ही चारच गोष्टी सुचवतो. पहिली: लिहिलेले पाठवण्यापूर्वी एकदा हलक्या आवाजात वाचा. जेथे तुम्हांस श्वास घ्यावासा वाटतो, तेथे बहुधा एखादे चिन्ह हवे असते. दुसरी: माणसांची नावे, गावांची नावे, तारखा आणि पैसे ह्यांत कधीही घाई करू नका. जुने व्यापारी आकड्यापुढे "अक्षरी" असे लिहून रक्कम शब्दांनी मांडत. ती त्यांची भीती नव्हती, तो अनुभव होता. तिसरी: वाक्य लांबले आणि तुमचे तुम्हांसच सापडेनासे झाले, तर त्याची दोन वाक्ये करा. पूर्णविरामास पैसे पडत नाहीत. आणि चौथी, जी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो: दुसऱ्याची चूक चारचौघांत दाखवू नका. ती एकांतात, आणि त्याचा अर्थ आपणांस कळला हे आधी सांगून दाखवा. तुमच्या आईने किंवा आजीने आयुष्यात प्रथमच मोबाईलवर एक ओळ लिहून पाठवली आणि तीत सहा चुका असल्या, तर ती ओळ जपून ठेवा. चुका मोजू नका. शुद्धता ही स्वतःकडून मागावयाची असते, आणि क्षमा ही दुसऱ्यास द्यावयाची असते. ह्यांची अदलाबदल करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांत भर घालू नका.

लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूने घालून दिलेला नियम आपल्या मुखी असतो. आपण तो दानधर्मास लावतो, आजाऱ्याच्या सेवेस लावतो. तोच कागदास का लावू नये? आपल्यास आलेले पत्र दोनदा वाचूनही न उमगल्यास आपण कष्टी होतो. तर आपले पत्र दुसऱ्यास एकदा वाचून उमगेल असे लिहिणे हे त्याच नियमाचे पालन होय. ह्या शाळेतून बाहेर पडणारी मुले कोणी तलाठी होतील, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, कोणी माता-पिता. त्या प्रत्येकाच्या हातून कोणाच्या तरी शेताचे, औषधाचे, पैशाचे वा नावाचे चार शब्द लिहिले जाणारच. ते शब्द ज्याच्या हाती पडतील तो पुष्कळदा तुमच्यापेक्षा कमी शिकलेला, अधिक थकलेला आणि अधिक गरजू असेल. त्याला अडखळू देऊ नका. त्याच्यासाठी एक टिंब जास्त द्यावे लागले तर द्या, आणि एक क्षण अधिक थांबावे लागले तर थांबा.